राइड्सना घाबरणाऱ्या मुलीला घेऊन नाताळच्या सुट्टीत इमॅजिकाला जाणं जमेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धुळ्याहून नाताळच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय, 13 वर्षांच्या मुलाला सगळ्या मोठ्या राइड्स करायच्यात आणि 8 वर्षांची मुलगी जत्रेतल्या आकाशपाळण्यापाशीही रडते. तिचं तिकीट वाया जाईल का?

वाया जाणार नाही. पण ‘ती घाबरते’ एवढ्यावर थांबू नका, नेमकी कशाला घाबरते ते आधी शोधा. उंचीला, खाली येताना पोटात येणाऱ्या गोळ्याला, अंधाराला, मोठ्या आवाजाला की पट्टा लावून अडकवून ठेवण्याला? बहुतेक मुलांना यातल्या एक-दोनच गोष्टी नको असतात, आणि राइड निवडताना सगळा फरक तिथेच पडतो. पोटात गोळा आलेला चालत नाही अशी पोरगी अंधारात हळू जाणाऱ्या राइडमध्ये खुशाल बसते. अंधाराला भिणारी मात्र तिथेच किंचाळते, आणि ती उघड्यावरच्या छोट्या रोलर कोस्टरवर हसत असते.

हे घरी बसून विचारलं तर ‘मला नाही माहीत’ एवढंच उत्तर मिळेल. जत्रेत लगेच कळतं. सारंगखेड्याची यात्रा दत्त जयंतीला सुरू होते, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबरातच. ती तुमच्या तारखेआधी येत असेल तर घोडे बघायला म्हणून न्या आणि पाळणे लांबून बघू द्या. आकाशपाळण्यात बसायला तयार झाली तर सगळे पाळणे भरत आल्यावर शेवटी बसा. आधी बसलेल्यांना एकेक पाळणा भरेपर्यंत वर लटकत थांबावं लागतं, आणि मुलं रडतात ती फिरताना कमी, या थांबण्यात जास्त. कोलंबसच्या झोक्यात मधल्या रांगेत बसा. टोकाच्या रांगा सगळ्यात उंच जातात, मधली रांग सगळ्यात कमी हलते. एक मात्र पाळा: पट्टा किंवा दांडी नीट लागत नसेल तर त्या पाळण्यात बसवूच नका, सराव राहिला तरी चालेल.

आता इमॅजिका. 2013 ला सुरू झालेलं हे पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. नायट्रो या कोस्टरसारख्या मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते आणि 8 वर्षांची मुलगी साधारण 120 ते 130 सेंटिमीटर भरते. त्यामुळे सगळ्यात भीतीदायक राइड्समध्ये तिला कुणी बसवणारच नाही. हे तिला आठवडाभर आधी सांगून टाका, निम्मी भीती तिथेच उतरते. घरी भिंतीला पाठ लावून, बूट काढून उंची मोजा आणि पार्कच्या साइटवरचा तक्ता तिच्यासोबत बसून बघा. उंची एखाद्या सेंटिमीटरने कमी पडत असेल तर जाड टाचेचे बूट घालून आत घुसवण्याचा उद्योग करू नका. मांडीवरची दांडी त्या उंचीच्या शरीराला धरायला बनवलेली असते, म्हणून ती अट असते.

नावावरून किंवा चित्रावरून राइड निवडली की फसगत होते. राजासॉरस ही नावेतली राइड आहे, म्हणजे शांत असेल असं वाटतं, पण नाव अंधारातून डायनासोर दाखवत जाते आणि शेवटी वरून धाडकन पाण्यात येते. पोटातल्या गोळ्याला भिणाऱ्या मुलीसाठी ही राइड नकोच. सलीमगढ हळू चालते, पण आत भुतं आहेत. डीप स्पेस हा अंधारातला कोस्टर आहे. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये उंची नाही, पण आग, पाणी आणि जबरदस्त आवाज आहे. पडद्यासमोर खुर्च्या हलवणारी सिम्युलेटर राइड निरुपद्रवी वाटते, पण गाडी लागणाऱ्या मुलांना तिथेच मळमळतं, कारण डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीराला तो जाणवत नाही. अशा वेळी पडद्याच्या कडेला किंवा समोरच्या खुर्चीकडे बघायला सांगा. खऱ्या कोस्टरवर उलट करायचं: डोळे उघडे ठेवायचे, पुढचं वळण दिसलं की शरीर आपोआप तयार होतं.

तुमच्या मुलीसाठी मी लावेन तो क्रम असा. सुरुवात कॅरोसेलने, म्हणजे गोल फिरणाऱ्या घोड्यांनी, मग अलीबाबा, कारण तिथे हातात बंदूक असते आणि निशाणे मारायच्या नादात अंधार विसरायला होतो. मग आय फॉर इंडिया. यात खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय लोंबकळतात आणि समोर मोठ्या पडद्यावर देश दिसतो. वेग काहीच नसतो, फक्त उंचीचा भास होतो. इथवर चेहरा खुलला असेल तरच गोल्ड रश एक्सप्रेस हा घरच्यांसाठीचा कोस्टर, आणि त्यातही मधला डबा मागायचा. शेवटचा डबा चढावरून खाली खेचला जातो तेव्हा गोळा सगळ्यात मोठा येतो. उताराला श्वास हळूहळू सोडायचा, पोट आवळायचं आणि तळपाय खाली दाबायचे. हे घरीच सोफ्यावर दोनदा करून घ्या.

रांगेच्या तोंडाशी ती ‘नको’ म्हणाली तर बाहेर पडा, वाद घालू नका. ‘एवढे पैसे भरले’ हे वाक्य त्या दिवसापुरतं तोंडातून जाऊ देऊ नका. दादालाही दटावून ठेवा, आणि मामाकडची भावंडं सोबत असतील तर त्यांनाही. ‘घाबरी गयी का वं?’ एवढं कुणी म्हणालं की पोरगी दिवसभर कशातच बसत नाही. निघताना एक नियम तिच्याशी ठरवा: बसायचं की नाही हे ती ठरवेल, पण लांबून एकदा राइड पूर्ण बघायची.

सुट्टीतली गर्दी तिच्यासाठी राइडपेक्षा वाईट. तासभर रांगेत उभं राहून वरच्या किंकाळ्या ऐकल्या की धीट पोरही गळपटतं. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी शक्यतो टाळा. नाताळच्या आधीचा मंगळवार ते गुरुवार किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा धरा, शाळा एक दिवस बुडाली तर बुडू द्या. तारीख बदलता येत नसेल तर दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि दादाची मोठी राइड पहिल्या तासात उरका. तुमच्यातला एक जण त्याच्यासोबत, दुसरा मुलीसोबत. रांग टाळणारं एक्सप्रेस तिकीट घ्यायचंच असेल तर फक्त दादा आणि त्याच्या सोबत्यापुरतं घ्या, मुलीच्या राइड्सच्या रांगा तुलनेने लहान असतात. तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून ऑनलाइन आधीच काढलेलं बरं.

धुळ्याहून गाडीने जाणार असाल तर नाशिकमार्गे साधारण पावणेचारशे किलोमीटर पडतं. जून 2025 पासून समृद्धी इगतपुरीच्या पुढे आमणेपर्यंत खुला झालाय, त्यामुळे कसारा घाट टळतो. तरी त्याच दिवशी जाऊन पार्क बघू नका. आदल्या दिवशी खोपोली किंवा कर्जतला मुक्काम करा. शनिवारी सकाळी मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर पुण्याकडची बाजू तुंबते, घाट पार्कच्या पुढे असला तरी त्याची रांग मागे येते. रेल्वेने जायचं तर चाळीसगावहून कल्याण गाठा, तिथून कर्जत आणि मग खोपोली लोकल. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे नाताळसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच बसायला लागेल.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, दशम्या-चटणी प्रवासातच संपवा. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको, आणि रिकाम्या पोटीही राइड नको. सकाळी इडली किंवा केळं पुरतं. पाण्याच्या राइडसाठी कपड्यांचा एक जोड आणि पायातून न निसटणारे बूट घ्या. खानदेशात पहाटे थंडी असते म्हणून स्वेटर घालून निघाल, खोपोलीत दुपारी तोच ओझं होतो, गाडीतच राहू द्या.

आणि जत्रेतल्या सरावानंतरही ती ठाम नाही म्हणाली, तर या वर्षी शिर्डीचं साई तीर्थ बघा. हेही पार्क इमॅजिका चालवणाऱ्या संगमनेरच्या मालपाणी समूहाचंच आहे, पण तिथे कोस्टर नाहीत, बसून बघायचे खेळ जास्त. त्यातला लंका दहन हा 5डी खेळ आवाजाचा आहे, एवढं आधी सांगून ठेवा. धुळ्याहून मनमाड-येवलामार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून रात्री घरी. दादाला इमॅजिका मग मे महिन्यात दाखवा, तेही सोमवार-मंगळवार धरून.