गुन्हेगारी दर, गुन्ह्यांचं प्रमाण की टक्केवारी?

प्रश्न असा आलाय: मुलीच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये 'क्राइम रेट' मराठीत लिहायचंय, पेपरात कधी गुन्हेगारी दर दिसतो, कधी गुन्ह्यांचं प्रमाण, कधी चक्क टक्केवारी, तर बरोबर काय, आणि पुण्याचा दर म्हणजे नेमकं काय मोजतात?

टक्केवारी आधी बाद करा. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०२२ च्या अहवालात देशाचा दर ४२२.२ आहे, आता हे टक्के असते तर माणशी चार-चार गुन्हे झाले असते. तो आकडा दर लाख लोकसंख्येमागे आहे. त्या वर्षी ५८,२४,९४६ दखलपात्र (म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात असे) गुन्हे नोंदले गेले, त्याला लाखात मांडलेल्या लोकसंख्येनं भागलं की ४२२.२ येतो. खुनाचा वेगळा काढला तर २.१. टक्के चालतात ते दोषसिद्धीला, म्हणजे शंभर खटल्यांचे निकाल लागले तर त्यातल्या कितींमध्ये शिक्षा झाली.

'दर' मात्र मला फार आवडतो, कारण हा फारसीतून आलेला छोटासा शब्द मराठीत दोन कामं करतो, एक म्हणजे भाव आणि दुसरं म्हणजे प्रत्येकी: दरमहा, दरडोई, दरवर्षी. शाळेत सरळव्याजाच्या गणितात द.सा.द.शे. असायचं आठवतंय का, दरसाल दरशेकडा, त्यात कशामागे मोजायचं ते शब्दातच आहे. क्राइम रेट म्हणजे तसंच द.सा.द.ला. समजा, दरसाल दरलाखी. पंचाईत इतकीच की नुसतं 'गुन्हेगारी दर' म्हटलं की ते 'लाखी' गळून पडतं आणि वाचणारा सवयीनं शेकडा धरतो. त्यात पुन्हा मेख अशी की महिलांवरच्या गुन्ह्यांचा दर काढताना खाली फक्त महिलांची लोकसंख्या घेतात, २०२२ चा ६६.४ हा दर लाख महिलांमागे आहे, म्हणून तो वरच्या ४२२.२ शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता 'गुन्हेगारी'. तो गुन्हेगारीकडे वळला, गुन्हेगारी विश्व, गुन्हेगारी वृत्ती, असं आपण म्हणतो, म्हणजे तो धंदा किंवा वळण झालं. पाच गुन्हेगाऱ्या कोणी मोजत नाही, मोजतात ते गुन्हे. म्हणून माझं मत 'गुन्ह्यांचा दर'. 'प्रमाण' चूक नाही पण ढगळ आहे, भाजीत मिठाचंही प्रमाणच असतं. हिंदीतलं 'अपराध दर' उचलून आणू नका, कायद्याच्या मराठीत अपराध भेटतो खरा, पण बोलण्यात अपराधी वाटायला कुठला गुन्हा करावा लागत नाही, फोन उचलला नाही तरी वाटतं. (फारसीत गुनाह म्हणजे पाप, आपल्याकडे येताना ते पोलीस चौकीपर्यंत आलं.)

खरी गंमत 'गुन्हा' या शब्दातच आहे. 'त्याने गुन्हा केला' आणि 'त्याच्यावर गुन्हा दाखल केला', पहिल्या वाक्यात तो कृत्य आहे आणि दुसऱ्यात कागद. कृत्य आणि एफआयआर दोन्हीला आपल्याकडे एकच नाव, पोलिसांचा गु.र.नं. सुद्धा गुन्हा रजिस्टर नंबरच. एनसीआरबी मोजतं तो कागद. एकाच एफआयआरमध्ये दरोडा आणि खून दोन्ही असतील तर त्यातलं सगळ्यात गंभीर कलम धरून एकच मोजतात.

आणि कागद नसेल तर? दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोडला गेलो होतो, येताना बसच्या गर्दीत वरच्या खिशातला मोबाईल गेला. चौकीत ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, काढताना कोणाला पाहिलं का? म्हटलं पाहिलं असतं तर हात नसता का धरला. मग 'गहाळ' लिहू या, म्हणाले. मीपण घाईत होतो, नवीन सिमकार्डाला तेवढा कागद पुरत होता, केली सही. चोरी लिहिली असती तर गुन्हा, गहाळ लिहिलं म्हणजे माझा वेंधळेपणा, आणि देशाच्या आकडेवारीतून माझा फोन साफ गायब.

उलटंही होतं. २०१९ चा दर ३८५.५ होता, २०२० ला एकदम ४८७.८, लोक काय एकाएकी बिघडले नव्हते, लॉकडाऊन होता आणि सरकारी आदेश मोडल्याचं तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं कलम १८८, त्याचे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. सकाळी टेकडीवर फिरायला निघालेले आजोबाही त्यात सापडले असतील. म्हणूनच गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंदणी वाढणं वेगळं असं एनसीआरबी स्वतःच अहवालात सांगतं, आणि केरळचा दर बिहारपेक्षा जास्त दिसतो म्हणून घाबरून केरळची ट्रिप कॅन्सल करायची नसते, तिथे तक्रार लिहून घेतात हेही त्यामागे आहे.

पुण्याचं म्हणाल तर 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल एनसीआरबीच्या साइटवर फुकट मिळतो, त्यात २० लाखांवरच्या १९ शहरांचे तक्ते वेगळे आहेत, त्यात पुणे आहे. फक्त भागाकाराखालची लोकसंख्या बघा, २०२२ च्या अहवालातही ती २०११ च्या जनगणनेची, ५०.५ लाख. त्यानंतर वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत किती टॉवर उभे राहिले ते तुम्हीच बघताय. गुन्हे आजचे आणि माणसं २०११ ची, मग दर फुगणारच. शिवाय १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं, त्यामुळे जुन्या वर्षांशी तुलना करताना 'पुणे' म्हणजे नक्की कुठपर्यंत ते आधी तपासा.

तर मुलीला शीर्षकात 'गुन्ह्यांचा दर' लिहू दे आणि तक्त्याच्या डोक्यावर 'दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे', लांबतं थोडं, पण सर कंस करून प्रश्नचिन्ह काढणार नाहीत.