पानाही दूध प्यायला होता

पत्र थोडक्यात असं आहे:

«ताई, मी ३६ वर्षांची, नोकरीसाठी पुण्यात असते. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, निवृत्तीनंतर साताऱ्यातच राहतात. त्यांना मी कधी देवापुढे हात जोडताना पाहिलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून जिकडेतिकडे रांगा लागल्या. मी तेव्हा पहिलीत होते, मीही हट्ट धरला. बाबांनी मला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं, चमचा दुधानं काठोकाठ भरला आणि त्यांचा सोळा-सतराचा पाना ओला करून चमच्याच्या कडेला टेकवला. दूध पान्यावरून ओघळत खाली गेलं. ‘बघ, पानाही दूध पितो,’ म्हणाले. २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा ते निषेधाच्या मोर्चात चालले होते. आई मात्र रोज पूजा करायची. बाबा तिला फुलं आणून द्यायचे आणि पेपर वाचत बसायचे.

फेब्रुवारीत आई झोपेतच गेली. हार्ट अटॅक. बाबा शेजारच्या कॉटवर होते. आता ते रोज पहाटे सहाला आईचे देव धुतात, गंध लावतात. त्यात आत्यानं एक गुरुजी आणले. ते म्हणाले, मृत्यू पंचकात झालाय, शांती करा, नाहीतर घरातल्या आणखी पाच जणांना धोका आहे. शिवाय त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. बाबा पैशांची जुळवाजुळव करतायत. मी भांडले, तर म्हणाले, ‘उद्या तुझ्या मुलाला काही झालं तर?’ गेल्या रविवारी आरतीला थांब म्हणाले, मी उठून बाहेर गेले. माणसं देव का मानतात? आणि माझे बाबासुद्धा?»

पोरी,

तुझ्या पत्रात दोन देव आहेत आणि तू दोघांशी एकदमच भांडलीस. एक पहाटे सहाचा, दुसरा पंचकाचा. आधी त्यांना वेगळं करू.

त्याआधी माझं सांगते. मी देव मानत नाही. वयाच्या विसाव्या वर्षापासून मानत नाही आणि साठीनंतरही त्यात फरक पडलेला नाही. त्यामुळे ‘जाऊ दे, म्हातारपणी सगळेच वळतात’ असं मी तुला सांगणार नाही. पण माणसं देव का मानतात याचं ‘अडाणी असतात म्हणून’ हे जे उत्तर आपल्यातले पुष्कळ जण देतात, ते मला कधीच पटलेलं नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ यान सोडायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. इंधन किती लागणार, कोणत्या क्षणी कोणता टप्पा सुटणार हे ज्यांना तोंडपाठ असतं, तीच ही माणसं. अडाणीपणानं हे उलगडत नाही.

मला उलगडलं ते समुद्रामुळे. मी बंदराच्या गावात वाढले. नारळी पौर्णिमेला समुद्राला सोन्याचा कागद लावलेला नारळ वाहायचे, मग होड्यांची पूजा. खाडीत जाळं टाकायला किंवा खुबे काढायला जाताना मात्र कुणी नारळ फोडल्याचं मला आठवत नाही. पुढे कॉलेजात मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी आतल्या शांत उथळ पाण्यात मासे मारायचे तेव्हा मंत्रतंत्र काही करायचे नाहीत. तिथे धोका नव्हता आणि मासा मिळणार हे ठरलेलं असायचं. तीच माणसं बाहेरच्या खुल्या समुद्रात निघाली की विधींवर विधी. डोकं तेच, कौशल्य तेच, पाणी तेवढं बदललेलं. हे वाचलं आणि मला आमचा धक्का डोळ्यांपुढे दिसला. आपल्या हातात जिथवर असतं तिथवर माणूस हात वापरतो, आणि हात पोचत नाही तिथे जोडतो.

तुझे बाबा चाळीसेक वर्षं खाडीत होते असं समज. इंजिनाची खाडी. तिथे प्रत्येक आवाजाला कारण असतं. गिअरबॉक्स कुरकुरला, ब्रेकला हवा धरली नाही, रेडिएटर तापला, की खाली शिरायचं आणि कारण हुडकून काढायचं. आणि ते सापडतंच. खंडेनवमीला आगारात हत्यारांची पूजा होत असणार, तेव्हाही ते पाने पुसून जागेवर ठेवत असतील आणि कुंकवाचं बोट लावायचं टाळत असतील. खाडीतल्या माणसाला नारळ लागत नाही.

फेब्रुवारीत ते एका रात्रीत खुल्या समुद्रात गेले.

‘बाबा शेजारच्या कॉटवर होते’ ही ओळ तू सहज लिहून पुढे गेली आहेस. मी तिथेच थांबले. ज्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून बिघाड कळायचा, त्याच्या दोन हातांवर त्याची बायको गेली आणि त्याला जाग आली नाही. ते स्वतःला काय विचारत असतील? मला वाटतं, दुसरं काहीच विचारत नसतील. ‘मला ऐकू कसं आलं नाही?’

इथे आपल्या मनाची एक जुनी खोड आडवी येते. गवतात खसफसलं की ‘वारा असेल’ म्हणण्याआधी ‘कोण आहे?’ असं मनात येतं. वाघ असला आणि आपण वारा समजलो तर जीव जातो. वारा असला आणि वाघ समजलो तर नुसती धावपळ होते. म्हणून मन आधी कर्ता शोधतं. कुणीतरी केलं, कुणाच्या तरी मनात होतं, कुणाचा तरी कोप झाला. नुसतंच झालं, हे त्याला गिळवत नाही. माझ्या मते देवाचा जन्म निम्मा इथे आहे. उरलेला निम्मा आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या गोष्टींत, आणि वारीत शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसानं ‘माउली, पाय दुखतायत का?’ विचारण्यात. पण तुझ्या बाबांच्या बाबतीत मला हा कर्ता शोधण्याचा भागच जास्त दिसतो.

गुरुजींनी त्यांना नेमकं तेच दिलं. कारण दिलं. पंचक. त्यात तुमचा दोष नाही, नक्षत्राचा आहे, आणि त्यावर इलाजही आहे. अपराधी वाटणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठला? आणि दिलाशाच्या पाठोपाठ लगेच भीती घातली, पाच जणांची. त्या पाचांत तुझा मुलगा आहे. विषाची परीक्षा कोण घेईल? ‘तुझ्या मुलाला काही झालं तर’ म्हणणारा तो माणूस बुद्धी गहाण टाकून बसलेला नाही. एक माणूस आपल्या शेजारून गेलं, आता दुसरं जाऊ द्यायचं नाही म्हणून तो पैसे मोजतोय. त्याच्या प्रेमाचा हा सौदा चाललाय आणि तो करणाऱ्यांचा मला राग येतो. हा दुसरा देव. याच्याशी तू खुशाल भांड, मी तुझ्या बाजूनं आहे.

पण भांडण बाबांशी नको, पंचकाशी हवं, आणि ते बाबांच्या भाषेत हवं. रविवारी जाशील तेव्हा पंचांग आणि पेन्सिल घेऊन बस. पंचक म्हणजे धनिष्ठेचा उत्तरार्ध, शततारका, पूर्वाभाद्रपदा, उत्तराभाद्रपदा आणि रेवती. चंद्र या नक्षत्रांतून जातो तो काळ. सत्तावीस नक्षत्रांपैकी ही साडेचार. बरोबर एक षष्ठांश. म्हणजे वर्षातले साधारण साठ दिवस पंचकाचे, आणि जगात जी माणसं मरतात त्यांतलं दर सहावं पंचकात मरतं. साताऱ्यात, सोलापुरात, सौदी अरेबियातही. अशा प्रत्येक मृत्यूमागे घरातली आणखी पाच माणसं गेली असती, तर बाबांची गल्ली केव्हाच ओस पडली असती. पंचांग न बघणाऱ्या घरांत शांती कुणी करत नाही. तिथे काय झालं ते बाबांना विचार, ज्यांच्या मयतीला ते स्वतः गेले अशा माणसांचं. गेल्या वर्षीचं कॅलेंडर खिळ्याला असेल तर त्यावर नक्षत्रं छापलेली असतात. त्या दिवसांवर खुणा करा आणि ओळखीतली कोण कोण त्या दिवशी गेली ते लिहा. पुढे त्यांच्या घरात काय झालं तेही लिहा. तू सांगू नकोस, त्यांनाच मोजू दे. पान्याला दूध पाजून दाखवणाऱ्या माणसाला भाषण लागत नाही.

एवढ्यानं भीती जाईल का? थोडी जाईल. उरलेली जाणार नाही, कारण ती पंचकाची नाहीच, ती त्या रात्रीची आहे. त्यासाठी दुसरं काम करायचं. आईवर उपचार करणारे जे कुणी डॉक्टर होते त्यांची वेळ घे, आईचे जुने रिपोर्ट घे, आणि बाबांना समोर बसव. त्यांच्या तोंडून तो प्रश्न येऊ दे. झोपेत हृदयाची लय अचानक बिघडते तेव्हा पुष्कळदा शेजारच्याला चाहूलही लागत नाही, आणि हाताशी असतात ती फारच थोडी मिनिटं, हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकायला मिळालं पाहिजे. आधी काही लक्षणं दिसली होती आणि ती निसटली, असंही कदाचित निघेल. तेही ऐकायचं. खरं कारण टोचतं, पण नक्षत्राच्या कारणासारखं दर महिन्याला फिरून येत नाही. मला विचारशील तर नास्तिकानं दुःखातल्या माणसासाठी करायचं काम ते हे. नुसता ‘देव नाही’ म्हणून हात झटकणं सोपं असतं. त्या रिकाम्या जागी बसायला कुणी येत नाही, आणि मग गुरुजी येतात.

आत्याशी बोलणं बाबांवर टाकू नकोस, तू स्वतः बोल. तिचाही भाऊ एकटा पडलाय, तीही घाबरली आहे. एवढंच सांग की आम्ही शांती करणार नाही, त्र्यंबकेश्वरलाही जाणार नाही, आणि काही झालं तर दोष माझ्या माथी. हे वाक्य मोठं आहे, जरा सांभाळून उच्चार. पण कुणीतरी ते म्हटल्याशिवाय बाबांना सुटता येणार नाही. जोतीराव फुले आठवतात का? त्यांनी निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानला, पण तो आणि माणूस यांच्यामध्ये भटाची दलाली नको म्हणून १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. देव मानणारा माणूससुद्धा हे म्हणू शकतो. आत्याशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

आता पहाटे सहाचा देव.

त्याच्याशी माझं भांडण नाही, आणि तुझं का असावं तेही मला कळत नाही. दाभोलकरांनी आयुष्य ज्या कायद्यामागे घालवलं, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर त्याच वर्षी झाला. तो कायदासुद्धा घरातल्या पूजेला, वारीला, कीर्तनाला हात लावत नाही. फसवणूक आणि अघोरी छळ यांच्यावरच त्याचा रोख आहे. ज्या मोर्चात बाबा चालले, तो या फरकासाठीच होता. तेव्हा बाबांनी दगा दिला असं जे तुझ्या पत्रात ओळीओळीला जाणवतं, त्यावर पुन्हा विचार कर.

आणि जरा बघ ते काय करतायत. तू म्हणतेस ते देव धुतात, गंध लावतात. काही मागतात असं तू लिहिलेलं नाहीस. इतकी वर्षं ते फुलं आणून देत होते. फुलं घेणारे हात गेले. फुलं आणायची वेळ राहिली, ताम्हण राहिलं, गंध उगाळायची सहाण राहिली, तिच्यावर आईच्या हाताचा खळगा पडलेला असेल. या माणसानं जन्मभर हातांनीच विचार केला, आता हातांनीच रडतोय. यात देव किती आणि आई किती हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. तू विचारलंस का? ‘बाबा, तुम्ही देव मानायला लागलात?’ असं नको. ते उलटतपासणीसारखं होईल. ‘आई कोणता देव आधी धुवायची?’ असं विचार. मला वाटतं, ते उत्तर देतील, आणि बराच वेळ देतील.

उद्या ते खरोखरच श्रद्धाळू झाले असं निघालं तर? तर झाले. देव नाही असं तुला वाटतं, मलाही वाटतं, पण वडील म्हणजे आपलं मत नव्हे. त्यांनी तुला चमचा आणि पाना दिला. तो आता तुझ्याकडे आहे.

राहिली आरती. टाळ्या वाजवू नकोस, हात जोडू नकोस. मनात नसताना जोडलेले हात त्यांना लगेच ओळखू येतील आणि त्यांनाच वाईट वाटेल. पण बाहेरही जाऊ नकोस. आई पूजा करायची तेव्हा ते त्याच खोलीत पेपर घेऊन बसायचे ना? तू तसा पेपर घे, त्यांच्या खुर्चीत बस, आणि कापूर विझेपर्यंत उठू नकोस. मग चहा टाक.

तुझी,
ताई