डब्ल्यूपी की डब्ल्यूजी? आधी चाकं मोज

भाऊ, भुसावळच्या इंजिन शेडमधला वाफेच्या इंजिनाचा जुना फोटो हाती आला की नुसतं टोकदार नाक बघून डब्ल्यूपी म्हणू नकोस; डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी हे वाफेच्या इंजिनांचे दोन प्रकार. फोटोत नाक नसलं तर अडशील. दांड्याने एकमेकांना जोडलेली मोठी चाकं मोज. एका बाजूला तीन, व्यास १७०२ मिमी, म्हणजे मेल-एक्स्प्रेसची डब्ल्यूपी. चार, १५६२ मिमी, म्हणजे मालगाडीची डब्ल्यूजी. बॉयलर मात्र दोघींचा एकाच नमुन्याचा, भट्टी रुंद. आपल्या कोळशात राख फार, कोळसा जळतो ती जाळी अरुंद असती तर तिच्यावर पुरेशी वाफच धरली नसती. या रचनेतलं मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं! डब्ल्यूपी १९४७ला बाल्डविन या अमेरिकी कंपनीकडून आली; डब्ल्यूजी चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात १९७०पर्यंत बनली. बाकी भट्टीचं खरं ज्ञान हवं तर भुसावळच्या एखाद्या निवृत्त फायरमन काकांजवळ जाऊन बस.