ई. कोलाय हा जिवाणू वाढताना बाहेरच्या पडद्यात नवी प्रोटीन्स नेमकी कुठे बसवतो, सगळीकडे सारखीच का?

नाही, सगळीकडे सारखी नाही, सगळ्यात जास्त मधल्या भागात जिथे पुढे विभाजन होणार असतं तिथे, बाजूच्या भिंतीत थोडी, आणि टोकांना हे काम जवळपास बंदच असतं. बडोद्याला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला मी हाच टॉपिक शिकवते. प्रोटीन सेक नावाच्या वाहतूक यंत्रणेतून पेशीच्या दोन पडद्यांपैकी आतला पडदा ओलांडतं, मग सुर-ए सारखे चॅपरोन, म्हणजे मदतनीस प्रोटीन्स, त्याला दोन पडद्यांमधल्या जागेतून सांभाळून नेतात, आणि शेवटी बाम कॉम्प्लेक्स, म्हणजे बाम-ए ते बाम-ई अशी पाच प्रोटीन्स, त्याचं बीटा बॅरल, म्हणजे पिंपासारखा आकार, बनवून पडद्यात बसवतं, आणि हे सगळं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, नसलेल्या जागेत, मला तर हे दर वेळी शिकवताना विलक्षण वाटतं! आता खरी गोष्ट अशी की बाम टोकांनाही असतंच, मग तिथे काम का होत नाही? 2022 मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामातून दिसलं की जुनं, पक्कं झालेलं पेप्टिडोग्लायकन, म्हणजे दोन पडद्यांमधल्या भिंतीची जाळी, ज्यात चार अमिनो आम्लांच्या शेपट्या जास्त असतात, ते बाम-एला अडवतं, पण मध्यभागी नुकत्याच विणलेल्या पेप्टिडोग्लायकनपाशी ही आडकाठी नसते. जुनी प्रोटीन्स दाटीवाटीच्या बेटांत अडकलेली असतात, फारशी हलत नाहीत, त्यामुळे पेशी लांबते तशी ती टोकांकडे ढकलली जातात आणि काही विभाजनांनंतर बऱ्याच पेशींचा पडदा नव्या प्रोटीन्सनीच भरलेला असतो. फक्त हे चित्र मुख्यतः ई. कोलायवरचं आहे, सगळ्या ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे असा बाहेरचा पडदा असलेल्या, जिवाणूंना सरसकट लावू नका, आणि ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये तर असा बाहेरचा पडदा सहसा नसतोच.