विद्यापीठाची संशोधन इमारत पर्यावरणपूरकही हवी आणि स्वतःची ओळख असलेलीही. पुण्यात हे कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की रसायन आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी चार मजली इमारत व्हायची आहे, आणि समितीला दर्शनी काच अन् गच्चीवर सोलर हवंय. दोन्ही जरा बाजूला ठेवा. आधी हवेचा हिशेब करा. अशा इमारतीचं वीजबिल मुख्यतः गार करून बाहेर फेकलेल्या हवेने फुगतं.

एक फ्यूम हूड घ्या, म्हणजे प्रयोगातला धूर-वाफ ओढून बाहेर फेकणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट. तोंड दीड मीटर रुंद, काच ४५ सेंमी उघडी, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणाकार केला की तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा होते. ६.६ बाय १० मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीतली सगळी हवा एक हूड तासात सहा वेळा ओढून नेतो. ती परत आत फिरवता येत नाही. तेवढीच बाहेरची हवा मे महिन्यात गार करून, जुलैत कोरडी करून आत घ्यावी लागते. म्हणून किती हूड लागतील हे प्राध्यापकांच्या मागणीवरून ठरवू नका, प्रत्यक्ष प्रयोगांवरून ठरवा. काच खाली आली की हवा आपोआप कमी करणारे व्हॉल्व्ह बसवा. मात्र काच उघडीच टाकून सगळे जेवायला जातात आणि काच उघडी राहिल्याचं सांगणाऱ्या अलार्मवर चिकटपट्टी लावली जाते, हा सार्वत्रिक अनुभव. काच स्वतःहून बंद होणारी यंत्रणा महाग पडते, तरी मी तिथेच पैसे घालेन.

जाणाऱ्या हवेतला गारवा येणाऱ्या हवेला देणारं फिरतं चाक सुचवलं जाईल. हूडच्या हवेवर ते नको, त्यातून थोडी दूषित हवा परत आत येते. हवा जायच्या आणि यायच्या दोन्ही डक्टमध्ये (हवेच्या मार्गांमध्ये) कॉइल, म्हणजे नळ्यांची वेटोळी, बसवून मधून पाणी फिरवणं सुरक्षित.

बसायच्या खोल्या, चर्चेच्या जागा, जिने प्रयोगशाळांपासून वेगळे काढा. पुण्यात वर्षाचा बराच काळ तिथे पंखा आणि उघडी खिडकी पुरते. प्रयोगशाळांच्या बाजूला मजल्याची उंची ४.२ मीटर धरा; ३.६ मध्ये बीमखालून डक्ट जाता जात नाही, मग बीमला भोकं पाडायची वेळ येते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर, लिफ्ट आणि जनरेटरपासून लांब.

लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेच्या दीड मीटर उंच खिडकीला विषुवदिनी दुपारी ५० सेंमीचा छज्जा पूर्ण सावली देतो, पण ऑक्टोबर हीटसाठी, त्या महिन्याच्या मध्यावर, ७८ सेंमी लागतो. ८० घ्या. पश्चिमेला छज्जा कुचकामी, ऊन थेट आडवं येतं. तिथे जिने, संडास ठेवा, काच नकोच.

आता ओळख. पुणे विद्यापीठाच्या आवारातच असलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था बघून या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथे खाली काळा बेसॉल्ट, त्यावर कडप्पा आणि सगळ्यात वर आभाळ दिसावं असा चकचकीत ग्रॅनाइट लावला. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. खगोलशास्त्र तिथल्या भिंती-फरशीतच आहे. पण नक्कल करू नका. तिथे मुख्य काम डोक्याने आणि संगणकावर चालतं, तुमच्याकडे धूर निघणार आहे. तेव्हा धुराडीच दाखवा. गच्चीच्या वर किमान ३ मीटर जाणारी धुराडी नाहीतर पत्र्याआड लपवली जातात, आणि आडोशात धूर घुटमळून आत येणाऱ्या हवेत मिसळतो. त्यांचे जुडगे करून काळ्या दगडात बांधलेल्या शाफ्टवर (डक्ट वर नेणाऱ्या उभ्या मार्गावर) उभे केले, तर लांबूनच इमारत कळेल. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ताजी हवा त्या बाजूने खालून घ्या आणि धुराडी पूर्वेकडे ठेवा. गच्ची मोकळी राहिली की सोलरलाही जागा मिळते. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर धरा. प्रयोगशाळांची भूक त्यातून भागणार नाही हे समितीला आधीच सांगा.

नक्षीदार जाळी लावणार असाल तर तिच्या मागे माणूस उभा राहून झाडू मारू शकेल एवढी, निदान ६० सेंमी जागा ठेवा. नाहीतर दोन वर्षांत तिथे कबुतरं नांदतात, आणि तीच हवा आत येते.

आणि निविदेत एक अट घाला: प्रत्येक हूडच्या तोंडाशी वेग मोजून, धूर सोडून तो आत ओढला जातो हे दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.