वाचक विचारतात: खेळातल्या अनोळखी माणसाला मदत करताना

ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळांत ओळखदेख नसलेल्या खेळाडूंना मदत करणं आणि त्यांच्याकडून ती घेणं, या विषयावर बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून, थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत.

प्रश्न: माइनक्राफ्टच्या सार्वजनिक सर्व्हरवर नव्याने आलेल्या एका खेळाडूला मी हिऱ्याचं अख्खं चिलखत, तलवार आणि पोतंभर पाव दिले. दोन दिवसांत तो यायचाच बंद झाला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. असं का व्हावं?

उत्तर: त्याच्या वाटणीचा खेळ तुम्हीच खेळून टाकलात म्हणून. आधी लाकूड, मग दगड, मग लोखंड आणि खूप खोल खणल्यावर कधीतरी हिरा, ही चढणच तर या खेळाची गंमत. शेवटची पायरी आयती हातात आली तर माणूस खणेल कशासाठी? शिवाय चमचमतं चिलखत घालून फिरणारा नवखा लुटारूंच्या नजरेत लगेच भरतो. पहिल्याच झटापटीत तो मरतो, सगळं जमिनीवर सांडतं, आणि जे स्वतः कमावलंच नव्हतं ते गेल्याची हळहळ तेवढी उरते.

नव्या माणसाला द्यायचं ते थोडं आणि कामाचं. एक बेड द्या. त्यावर एकदा क्लिक केलं की मेल्यावर पुन्हा तिथेच उभं राहता येतं. सोळाएक मशाली द्या, दहाबारा पाव द्या. जवळचं गाव कुठे आहे आणि कोणत्या जमिनीवर आधीच कोणाचा ताबा आहे, हे नकाशावरची जागा दाखवणाऱ्या आकड्यांसकट (कोऑर्डिनेट्स) खेळातल्याच एका पुस्तकात लिहून द्या. आणि त्याही आधी विचारा, ‘काही हवंय का?’ नको म्हणाला तर विषय संपला.

खरी मोलाची मदत वेगळीच असते: मेलेल्याचं सामान वाचवणं. इथे मात्र बारकावे माहीत हवेत. सांडलेल्या वस्तू पाच मिनिटांनी नाहीशा होतात, पण ही पाच मिनिटं तो परिसर लोड झालेला, म्हणजे कोणीतरी जवळ असल्यामुळे खेळात चालू असतानाच मोजली जातात. आसपास कोणीच नसेल तर घड्याळ थांबलेलं असतं. म्हणजे ‘जरा बघून येतो’ म्हणत तुम्ही जवळ गेलात, की तुमच्याच पावलांनी ते सुरू होतं. उचलायचं नसेल तर तिकडे फिरकूच नका. उचलायचं असेल तर आधी चॅटवर परवानगी घ्या. न विचारता गोळा करणारा आणि चोर, दोघंही लांबून सारखेच दिसतात.

जाताना स्वतःची इन्व्हेंटरी, म्हणजे सामानाची झोळी, रिकामी करून जा. खेळाडूजवळ ३६ खणांचं सामान, अंगावरच्या चिलखताचे ४ भाग आणि दुसऱ्या हातातली १ वस्तू, असे जास्तीत जास्त ४१ खण भरलेले असू शकतात. तुम्ही उचललेलं मात्र तुमच्या ३६ खणांतच मावणार. एकट्या चेस्टमध्ये २७ खण असतात, तेव्हा दोन चेस्ट जोडून ५४ खणांची मोठी पेटी तिथल्या तिथे ठेवा आणि त्यात रिकामं करत चला. अनुभवाचे हिरवे गोळे जवळ येणाऱ्यालाच चिकटतात, ते परत देता येत नाहीत. हे आधीच सांगून टाकलं की नंतर वाद होत नाही. लाव्हात पडलेलं सामान गेलंच समजा. नेदराइट या हिऱ्याहून भारी धातूच्या वस्तू तेवढ्या जळत नाहीत.

प्रश्न: गिल्ड वॉर्स २मध्ये मोठ्या लढाईत मी मेलेल्या खेळाडूंना उठवत बसलो, तर चॅटवर सगळे माझ्यावरच तुटून पडले. मदत करणं गुन्हा आहे का?

उत्तर: या खेळात दोन अवस्था आहेत. नुसता कोसळलेला खेळाडू पटकन उठतो, त्याला जरूर हात द्या. पूर्ण मेलेल्याला उठवायला खूप वेळ लागतो. तेवढा वेळ तुमचा मारा बंद, आणि बॉसचा, म्हणजे समोरच्या बलाढ्य शत्रूचा, पुढचा तडाखा तुमच्याच पाठीत. मग एका प्रेताची दोन होतात. पूर्ण मेलेल्याने स्वतः वेपॉइंटवर, म्हणजे नकाशावरच्या पुन्हा जिवंत होण्याच्या ठाण्यावर, जाऊन पळत परत यायचं, हा तिथला रिवाज. लढाई संपल्यावर मात्र पडलेल्यांना खुशाल उठवा.

पबजीसारख्या खेळात हिशोब वेगळा. पडलेल्या साथीदाराला उठवायला काही सेकंद लागतात आणि त्या वेळात तुम्ही जागचे हलू शकत नाही. ज्याने त्याला पाडलं तो नेम धरून तुमचीच वाट बघत असतो. आधी धुराचा बॉम्ब त्याच्या आणि पडलेल्याच्या मधे टाका, धूर दाट व्हायला थोडं थांबा, मगच जवळ जा. पडलेल्याला रांगता येतं, त्यालाच आडोशाला यायला सांगितलं तर आणखी बरं.

प्रश्न: एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या खेळात माझं यान इंधनाविना अडकलंय. फ्युएल रॅट्स नावाचे खेळाडू इंधन आणून देतात म्हणे. पैसे किती घेतात? आणि ते येईपर्यंत मी काय करायचं?

उत्तर: काही घेत नाहीत, ना खेळातले क्रेडिट्स ना खरे पैसे. २०१५पासून हे स्वयंसेवक हेच काम करताहेत.

सगळ्यात आधी पडद्यावर ऑक्सिजनची उलटी मोजणी सुरू आहे का ते बघा. असेल तर पुढचं वाचत बसू नका, तडक मेन मेन्यूत बाहेर पडा. तिथे ती मोजणी चालत नाही. सर्वांत साध्या, ई दर्जाच्या लाइफ सपोर्टमध्ये (यानातल्या हवेच्या यंत्रात) पाच मिनिटांची हवा असते, ए दर्जाच्या यंत्रात पंचवीस मिनिटांची. मदतनीस एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर कित्येक उड्या मारून येणार, त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो.

मोजणी दिसत नसेल तर सुपरक्रूझमधून, म्हणजे अतिवेगवान प्रवासातून, बाहेर या आणि उजव्या पॅनेलमधून यानाचं एकेक मॉड्यूल (यंत्र) बंद करा. लाइफ सपोर्टला मात्र हात लावू नका. ते बंद केलं की ऑक्सिजनची मोजणी तुम्ही स्वतःच सुरू केलीत.

मग त्यांच्या संकेतस्थळावरून मदत मागा. तुम्ही ज्या ताऱ्यापाशी अडकलात त्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी मदत भलतीकडेच जाते, म्हणून ते नीट पाहून लिहा. पीसी की कन्सोल तेही सांगा. मदतनिसाची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारा आणि मेन्यूत बाहेर पडला असाल तर तो ‘या’ म्हणेपर्यंत तिथेच थांबा. घाईने आत शिरणं आणि सवयीने सोलो (एकट्याने खेळायचा) मोड निवडणं, या दोन्ही गोष्टी काम बिघडवतात. सोलोमध्ये तुम्ही कोणालाच दिसत नाही. तो येऊन रिकाम्या अंतराळात शोधत बसतो. ओपनमध्ये, म्हणजे सगळ्यांबरोबरच्या मोडमध्ये, या, टीमचं आमंत्रण स्वीकारा, तुमची जागा दाखवणारा बीकन लावा, आणि यान स्थिर ठेवा. इंधन लिम्पेट नावाच्या लहान ड्रोनमधून येतं.

पुढच्या वेळी नकाशात के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांचेच तारे ठेवून मार्ग आखा. ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारं यंत्र, फ्युएल स्कूप, याच ताऱ्यांवर भरतं.

प्रश्न: माझ्या बारा वर्षांच्या मुलीला खेळात कोणीतरी अनोळखी माणूस सारख्या भेटी पाठवतो. तो भला आहे की काही वेगळं, हे ओळखायचं कसं?

उत्तर: भेट किती मोठी आहे यापेक्षा तिच्यामागून काय येतं ते बघा. खेळातल्या वस्तू खेळातच दिल्या, त्याही सगळ्यांसमोर, आणि बदल्यात काही मागितलं नाही, तर बहुधा चिंता नाही. पण बोलणं दुसऱ्या अ‍ॅपवर न्यायचा आग्रह, शाळा आणि वयाची चौकशी, फोटोची मागणी, ‘घरी सांगू नकोस’ असली वाक्यं, ‘मी एवढं दिलं, तू एवढंही करणार नाहीस?’ हा सूर, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तो माणूस दूर करायचा. यात संशयाचा फायदा द्यायचं कारण नाही.

पण फोन हिसकावून घेऊ नका. पुढच्या वेळी मुलगी तुम्हाला काही सांगणारच नाही, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. तिच्याबरोबर बसून चॅट वाचा. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक. काही ठिकाणी ब्लॉक केल्यावर जुनं बोलणं दिसेनासं होतं, म्हणून हा क्रम. सेटिंगमध्ये भेटी आणि निरोप फक्त मित्रयादीपुरते ठेवा आणि ती यादीही एकदा चाळा. फोटो मागितला असेल किंवा धमकी आली असेल तर थेट पोलिसांकडे जा.

फुकट रोबक्स (रोब्लॉक्स खेळातलं चलन) किंवा फुकट स्किन (पात्राचा पोशाख) देणारी लिंक म्हणजे हमखास सापळा. मेलवर आलेला कोड मागणारा तर भेट द्यायला नाही, खातं घ्यायलाच आलेला असतो.

प्रश्न: एल्डन रिंगमध्ये लोक मला मदतीला बोलावतात. बॉस मी एकट्याने मारला की काही जण रागावून निघून जातात. का?

उत्तर: त्यांना साथ हवी होती, सुटका नव्हे. तुम्हाला बोलावल्यावर यजमानाला, म्हणजे बोलावणाऱ्याला, स्पिरिट अ‍ॅश (मदतीला येणारे आत्मे) वापरता येत नाहीत आणि बॉसची ताकदही वाढते, म्हणजे त्याने काहीतरी सोडून तुम्हाला घेतलेलं असतं. बॉसचं लक्ष स्वतःकडे ओढून ठेवा आणि वार त्याला करू द्या. यजमान मेला की सगळेच परत जातात, तेव्हा डोळा त्याच्या हेल्थवर हवा. तुमचे फ्लास्क (औषधाच्या कुप्या) निम्मे होऊन आलेले असतात. आसपासच्यांनाही बरं करणारा मंत्र जवळ ठेवा. वाटेत तो थांबून इकडेतिकडे बघत असेल तर पुढे धावू नका, कदाचित त्याला ती जागा पहिल्यांदाच बघायची असेल. अर्थात काही यजमान दारातच बसून राहतात आणि ‘तूच मार’ असंच सुचवतात. तिथे मारून टाका.

प्रश्न: आम्ही चौघं मिळून एक छोटा सर्व्हर चालवतो. लोकांनी एकमेकांना मदत करावी म्हणून बक्षीस ठेवावं का?

उत्तर: शक्यतो नको. ‘दहा जणांना वाचवा, तलवार मिळवा’ म्हटलं की दोन मित्र आळीपाळीने मरून एकमेकांना वाचवत बसतात. फायनल फँटसी १४मध्ये मोहीम संपल्यावर एका साथीदाराला शाबासकी देता येते, पण आपल्याबरोबर आत आलेल्या मित्राला देता येत नाही. तसं काही ठेवलंत तर चालेल.

त्यापेक्षा भांडणाचं कारणच काढून टाका. २०१२मध्ये आलेला ‘जर्नी’ हा खेळ घडत असताना त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत खेळाडू एकमेकांना ढकलू शकत होते, आणि ते ढकलतच होते. निर्मात्यांनी धक्का लागण्याची सोयच काढली. उलट, जवळ आल्यावर दोघांच्या उपरण्यांत उडण्याचं बळ भरेल असं केलं, आणि चॅट ठेवलंच नाही. गिल्ड वॉर्स २मध्ये खनिजाचा दगड प्रत्येकाला आपापला मिळतो, त्यामुळे दुसरा खेळाडू दिसला की पोटात गोळा येत नाही.

तुमच्या सर्व्हरवर चौकातली ‘सगळ्यांची पेटी’ पहिल्याच रात्री एखादा एकटा रिकामी करेल. तिच्याऐवजी दूरदूर चारपाच पिंपं ठेवा आणि त्यांत फक्त स्वस्त माल भरा: पाव, मशाली, रोपं, दगडाची हत्यारं. लुटणाऱ्याला त्यासाठी वणवण परवडत नाही. पिंपं भरायचं काम चौघांत वाटून घ्या.