देवळाबाहेरच्या दगडावरील लढाईचे चित्र कसे वाचावे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका देवळाबाहेरच्या दगडावरून काढलेले रेखाचित्र जोडून आपण विचारले आहे की ही लढाई कोणत्या राजाची आणि यातील सैनिक शिवकालीन मावळे असावेत काय. माझ्या मते हा वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या एका माणसाचा स्मृतिदगड. आपल्या भागातील असे बहुतेक दगड शिवकाळाच्या कितीतरी आधीचे, चालुक्य, कदंब आणि रट्ट यांच्या राजवटींतील आहेत.

आपण वर्णन वरून सुरू केले आहे, आणि घोटाळा तेथेच झाला आहे, कारण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीतील तो धिप्पाड योद्धा राजा नव्हे. दगड ज्याच्यासाठी उभारला त्याला शिल्पकार मानाने मोठा दाखवतो. त्याच्यामागे आपण ज्यांना घोडे म्हटले आहे, त्यांना आपल्याच पेन्सिलीने शिंगे काढली आहेत. त्या गाई आहेत, आणि ही झुंज राज्यासाठी नसून शत्रूने वळवून नेलेली गावची गुरे सोडवण्यासाठी झालेली दिसते. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंना आपण भालाईत रेखाटले आहेत. त्यांच्या हातांत बहुधा चवऱ्या असाव्यात, कारण तेथे अप्सरा त्याच वीराला स्वर्गात नेत असतात. वर लिंगासमोर हात जोडून बसलेलाही तोच. लिंगाच्या जागी तीर्थंकर असते तर तो वीर जैन होता असे म्हणता आले असते, आणि रट्टांच्या राज्यात त्याचे नवल नव्हते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर त्यांच्याच काळात, १२०४ मध्ये बांधले गेले. माथ्यावरचे सूर्य-चंद्र म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, एवढाच अर्थ.

चौकटींमधल्या आडव्या पट्टीवर आपण नक्षी समजून नागमोडी रेघ ओढली आहे. ती पट्टी मात्र पुन्हा जाऊन पाहावी. तेथे जुन्या कन्नड लिपीतील लेख असू शकतो, आणि असला तर वीराचे नाव व शक त्यातच सापडेल. (आपल्या सीमावादाशी त्या अक्षरांना काही देणेघेणे नाही.) माझ्या आजोळी अशाच दगडाला आजी दर अमावास्येला तेल-शेंदूर लावीत असे, त्यामुळे त्यावरची अक्षरे पार बुजली आहेत. आपल्या दगडावरही तसा थर असल्यास तो खरवडू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूने छायाचित्र घ्यावे, म्हणजे उथळ कोरीव रेघाही सावलीमुळे उठून दिसतात.